कलाप्रवासाचा कोरा रकाना

कराडच्या एका वाचक भगिनीचे आठ पानी पत्र आले आहे. सगळे छापणे शक्य नाही, म्हणून त्यातला मुख्य भाग त्यांच्याच शब्दांत देत आहे.

"माझे वय ४७. एका पतसंस्थेत हिशेबनीस आहे. शाळेत असताना चित्रकलेची एलिमेंटरी परीक्षा दिली होती. इंटरमिजिएटच्या वर्षी वडील आजारी पडले आणि चित्रकला सुटली, ती थेट अकरा वर्षांपूर्वी, मुलगी दहावी झाल्यावर तिच्या उरलेल्या रंगपेटीने पुन्हा सुरू झाली. शिकवणी कुठेच लावली नाही. मोबाईलवरचे व्हिडिओ पाहून जलरंगात चित्रे काढते. आजवर दोनशेच्या वर झाली असतील. बर्फाचे डोंगर, दीपगृहे, लाल पानांची झाडे. घरी येणारे सगळे कौतुक करतात. गेल्या डिसेंबरात इथल्या एका प्रदर्शनात दोन चित्रे मांडली. परीक्षक म्हणून आलेल्या गृहस्थांनी विचारले, 'कुठे शिकलात?' मी म्हटले, 'कुठेच नाही.' 'अच्छा, छंद आहे,' असे म्हणून ते पुढे गेले. आता दुसऱ्या एका प्रदर्शनाचा अर्ज हाती आला आहे. त्यात 'कलाप्रवास व प्रेरणा' असा रकाना आहे आणि तो पंधरा दिवस कोराच आहे. मी काय लिहू? मला ना गुरू, ना पदवी, ना प्रेरणा. या वयात एखादा अभ्यासक्रम करावा का? की आपली पायरी ओळखून गप्प बसावे? सोबत सहा चित्रांचे फोटो पाठवते. सहावे माहेरच्या गुऱ्हाळाचे आहे. ते जमलेले नाही, तरी पाठवते."

प्रिय ताई,

तुमचे पत्र मी तीन वेळा वाचले आणि सहाही फोटो मोठे करून बराच वेळ पाहिले. त्या परीक्षकांनी चित्रांपुढे उभे राहून चित्रांविषयी काही न विचारता तुमच्याविषयी विचारले, हे वाचून वाईट वाटले. मी स्वतः एटीडी, म्हणजे चित्रकला शिक्षकाची पदविका, करून बत्तीस वर्षे माध्यमिक शाळेत चित्रकला शिकवली, अनेक स्पर्धांना परीक्षक म्हणून गेले, आणि आधी चित्र पाहावे, नाव-गाव-शिक्षण मागाहून विचारावे, एवढा संकेत आमच्या पेशात पाळला गेलाच पाहिजे असे मला मनापासून वाटते. तरीही त्यांचा प्रश्न सोडून देण्यासारखा नाही. 'कुठेच नाही' हे तुम्ही दिलेले उत्तर खरे नव्हे. अकरा वर्षे आणि दोनशे चित्रे एवढ्या अवधीत माणूस कुणाकडून तरी शिकतोच. तुम्ही कुणाकडून काय शिकलात आणि ते शिकणे कुठे अपुरे राहिले, याचा ताळेबंद तुम्ही कधी मांडलेला नाही, म्हणून रकाना कोरा आहे.

स्वशिक्षित चित्रकार म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे दार लावून, एकट्याने, उपजत देणगीच्या बळावर चित्रे काढणारे माणूस उभे राहते. असे माणूस मला तरी चित्रकलेच्या इतिहासात भेटलेले नाही. मुंबईच्या के. एच. आरांचे उदाहरण घ्या. त्यांचा जन्म १९१४ साली सिकंदराबादजवळच्या बोलारम येथे झाला. आई लहानपणीच गेली, आणि वयाच्या सातव्या वर्षाच्या सुमारास हा मुलगा घर सोडून मुंबईत आला. मोटारी पुसणे, साहेबांच्या घरची कामे करणे यावर त्याचे पोट चालले. पुढे मिठाच्या सत्याग्रहात भाग घेतल्याबद्दल त्याने तुरुंगवासही भोगला. कला महाविद्यालयाची पदवी त्यांच्याजवळ नव्हती. तरीही १९४२ साली त्यांचे पहिले एकल प्रदर्शन झाले, आणि १९४७ साली सूझा, रझा, हुसेन, गाडे आणि बाकरे यांच्यासह ज्या सहा जणांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन केला, त्यांत आरा होते.

ही कहाणी सांगताना लोक मोटार पुसणारा मुलगा आणि नामवंत चित्रकार ही दोन टोके सांगतात आणि मधला भाग गाळतात. तुमच्या उपयोगाचा भाग नेमका तोच आहे. टाइम्स ऑफ इंडियात कलासमीक्षा लिहिणारे रुडी फॉन लायडन यांच्या नजरेस आरांची चित्रे पडली आणि त्यांनी त्यांना उत्तेजन दिले. त्याच वृत्तपत्राचे कलासंचालक वॉल्टर लँगहॅमर यांच्या घरी तरुण चित्रकार जमत असत, एकमेकांची कामे पाहत असत, वाद घालत असत. आरा त्या वर्तुळातले होते. म्हणजे आरांना पदवी मिळाली नसली, तरी चित्र पाहून 'इथे चुकले' असे सांगणारी माणसे मिळाली होती, आणि पदवीच्या कागदापेक्षा मी त्या मिळण्याला जास्त महत्त्व देते. एटीडीच्या काळात मला स्वतःला सर्वांत जास्त उपयोग कशाचा झाला, असे विचाराल तर सकाळी साडेसात वाजता वस्तुचित्राला बसावेच लागे याचा, आणि माझ्या कागदावर न विचारता खोडरबर चालवणाऱ्या एका शिक्षकांचा. सौंदर्यशास्त्राच्या वह्या कधीच रद्दीत गेल्या. त्या खोडरबराचा आवाज अजून कानात आहे.

आरांविषयी आणखी एक गोष्ट सांगते, कारण तुम्ही जलरंगात काम करता. सुरुवातीला ते जलरंग आणि अपारदर्शक रंग इतके दाट लावत की चित्र तैलरंगातले वाटावे, आणि पुढे तैलरंगाकडे वळल्यावर तेच रंग इतके पातळ लावू लागले की कॅनव्हासवर जलरंगाचा भास व्हावा. वर्गात शिकलेल्या विद्यार्थ्याला हे बहुधा कुणीतरी 'असे करायचे नसते' म्हणून थांबवले असते. विषय तरी काय होते? फुलदाणी, फळे, भांडी, टेबलावर ठेवलेली फुले. मला नेहमी वाटते, की ज्याने वर्षानुवर्षे दुसऱ्यांच्या घरातल्या वस्तू पुसल्या, उचलल्या, जागच्या जागी ठेवल्या, त्याच्या हाताला त्या वस्तूंचा आकार आणि वजन आधीच पाठ झाले असणार. हा माझा अंदाज आहे, पण त्यांची स्थिरचित्रे पाहताना तो मनातून जात नाही.

आता तुमच्या चित्रांकडे येते. पहिली पाच चित्रे सफाईदार आहेत, यात शंका नाही. दीपगृहाच्या चित्रात ओल्या कागदावर आकाशाचा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग थर, तुम्ही वरपासून क्षितिजापर्यंत एकाही ओरखड्याशिवाय उतरवला आहे. माझे दहावीचे विद्यार्थी त्या एका गोष्टीसाठी वर्षभर झगडत असत. हात तयार आहे. परंतु क्षितिज कुठे घ्यायचे, उजेड कुठून येणार, डोंगर निळा की जांभळा, झाड डावीकडे का, हे सगळे निर्णय त्या व्हिडिओतल्या माणसाने आधीच घेऊन ठेवलेले होते आणि तुम्ही ते अंमलात आणले. तुम्ही हिशेबनीस आहात, म्हणून तुमच्याच भाषेत विचारते: दुसऱ्याच्या खतावणीवरून उतरवलेली नोंद, मूळ पावती न पाहता, तुम्ही कधी बरोबर धराल का? त्या पाच चित्रांची मूळ पावती तुमच्याजवळ नाही. त्यामुळे ती कुठे चुकली हे तुम्हाला कळत नाही, आणि कुठे साधली हेही कळत नाही. घरच्यांच्या कौतुकाने समाधान होत नाही, त्याचे कारण मला तरी हेच दिसते.

दूरच्या, न पाहिलेल्या जागा रंगवू नयेत, असा याचा अर्थ घेऊ नका. आंरी रूसो हा फ्रेंच चित्रकार तुमच्यासारखाच नोकरदार होता. पॅरिस शहरात येणाऱ्या मालावर जकात वसूल करणाऱ्या खात्यात तो कारकून होता आणि १८९३ साली, वयाच्या ४९व्या वर्षी, तिथून निवृत्त झाला. कला महाविद्यालयाचे तोंड त्याने पाहिले नव्हते. त्याची सर्वांत प्रसिद्ध चित्रे घनदाट अरण्याची आहेत, वाघ, माकडे, माणसाच्या उंचीची पाने, आणि हा मनुष्य फ्रान्सच्या बाहेर कधी गेलाच नाही. पण तो पॅरिसच्या वनस्पती उद्यानात जाई आणि तिथल्या काचघरांत खऱ्या झाडांपुढे उभा राही. प्राण्यांसाठी त्याने छापील चित्रांचे एक पुस्तकही वापरले होते, म्हणजे नक्कल त्यालाही वर्ज्य नव्हती. मात्र पान कसे वळते, देठ कुठे जाड होतो, एका पानामागे दुसरे कसे दबते, हे त्याने डोळ्यांनी पाहिले होते. लोकांनी त्याच्या चित्रांना वर्षानुवर्षे हसून घेतले. १८८६ पासून तो ज्या प्रदर्शनात चित्रे मांडत असे तिथे निवड समितीच नव्हती, म्हणून त्याला जागा मिळत गेली, आणि तो जवळजवळ दरवर्षी मांडत राहिला. तुम्ही बर्फाचे डोंगर जरूर रंगवा, पण त्याआधी एखादा डोंगर समोर बसून रंगवून पाहा. कराडहून आगाशिवाचा डोंगर रोज दिसतो. सकाळी आठला आणि संध्याकाळी पाचला तो एकच डोंगर राहत नाही.

सहाव्या चित्राबद्दल तुम्ही लिहिले आहे, की ते जमलेले नाही. बरोबर आहे, ते जमलेले नाही. चित्र म्हणून तुमची दीपगृहे त्यापेक्षा उजवी आहेत, आणि हे मी तुमचे मन राखण्यासाठी फिरवून सांगणार नाही. पण इतक्या लांब उत्तराला मी बसले आहे ते या सहाव्या चित्रामुळेच. काळे छत, मधोमध रस उकळण्याची मोठी कढई म्हणजे काहिली, उजवीकडे गूळ करणारा पाठमोरा गुळव्या, कोपऱ्यात उसाच्या चिपाडाचा ढीग, आणि दारातून येणाऱ्या उजेडात काकवीचा डबा घेऊन उभी असलेली सात-आठ वर्षांची मुलगी. ती मुलगी चित्रात जेमतेम दोन इंचांची आहे. तिच्या डाव्या हातात डबा आहे, त्यामुळे डावा खांदा खाली ओढला गेला आहे, उजवा वर गेला आहे, आणि अंग किंचित उजवीकडे कलले आहे. भरलेला डबा किती जड असतो, हे हाताला माहीत असल्याशिवाय तो खांदा तसा काढता येत नाही. कोणत्याही व्हिडिओने तुम्हाला हे शिकवलेले नाही. पत्राच्या सहाव्या पानावर तुम्ही लिहिता, की गुळव्या उकळत्या पाकाचा थेंब गार पाण्यात टाकून बोटांनी त्याची गोळी वळून बघायचा आणि तोवर गुऱ्हाळावर कुणी मोठ्याने बोलत नसे. 'प्रेरणा नाही' असे म्हणणाऱ्या बाईने लिहिलेले हे वाक्य आहे.

मग चुकले कुठे, ते सांगते, कारण ते दुरुस्त होण्यासारखे आहे. पहिली चूक काहिलीच्या तोंडाची. तुम्ही काढलेले लंबवर्तुळ दोन्ही टोकांना होडीसारखे टोकदार झाले आहे. गोल वस्तू कशीही तिरपी पाहिली तरी तिच्या कडेला टोक येत नाही, तिथे रेषा घट्ट वळते पण वळतेच. फोटोवरून काम करताना लंबवर्तुळ स्वतः बांधण्याची वेळच तुमच्यावर आली नाही, म्हणून ते राहून गेले. यावरचा अभ्यास घरातल्या पितळी परातीवर होईल. परात जमिनीवर ठेवा. आधी उभे राहून तिचे तोंड काढा, मग पाटावर बसून, आणि मग जमिनीवर पालथे झोपून, हनुवटी हातावर टेकवून. डोळा जसजसा खाली येईल तसतसे तोंड मिटत जाईल आणि शेवटी जवळपास रेघ उरेल. हे तीन कागद रोज, पंधरा दिवस. रंग नाही, छटा नाही, फक्त पेन्सिल.

याच अभ्यासातून तुमच्या चित्रातला एक मोठा प्रश्नही सुटेल, जो तुम्हाला जाणवला आहे पण नाव देता आलेले नाही. 'काहीतरी परके वाटते,' असे तुम्ही लिहिले आहे. काहिलीचे तोंड तुम्ही चांगले रुंद, वरून पाहिल्यासारखे उघडे काढले आहे. ती मोठ्या माणसाच्या उंचीवरून दिसणारी काहिली आहे. पण आठवण त्या मुलीची आहे. तिच्या उंचीवरून तोंड अरुंद दिसले असते, आतला रस फारसा दिसलाच नसता, वाफ मात्र डोक्यावरून छतापर्यंत गेली असती, आणि गुळव्या खूप उंच वाटला असता. चित्र कुणाच्या डोळ्यांनी पाहायचे आहे ते आधी ठरवा. मुलगी चित्रात ठेवून तिच्याकडे बघायचे असेल तर आजची उंची ठीक आहे. तिच्या डोळ्यांनी गुऱ्हाळ बघायचे असेल, तर तिला चित्रातून बाहेर काढावे लागेल. दोन्ही करून पाहा. निवड मी करणार नाही.

दुसरी चूक छताची. धुराने काळे पडलेले छत तुम्ही पेटीतल्या काळ्या रंगाने रंगवले आहे, म्हणून तिथे कागदाला भोक पडल्यासारखे दिसते. काळी नळी सहा महिने कपाटात ठेवा. अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना हे दोनच रंग एकत्र करा. निळा जास्त घेतला तर गार, सिएना जास्त घेतला तर ऊबदार असा गडद रंग मिळतो, आणि दोन्ही दाट घेतले तर काळ्याच्या अगदी जवळ जातो. आता चुलवाणाच्या बाजूचे छत सिएनाकडे झुकवा आणि दाराच्या बाजूचे निळ्याकडे. छत काळेच राहील, पण त्याखाली जाळ आहे हे दिसेल. यात यलो ऑकर मिळवला की चिपाड, माती, गुऱ्हाळाच्या भिंती आणि गूळ एवढे सगळे तीन रंगांत होते. महागड्या चोवीस रंगांच्या पेटीची गरज नाही. खर्च करायचाच असेल तर कागदावर करा. तीनशे जीएसएमचा जाड कागद पाण्याने सहजासहजी पोक धरत नाही आणि त्यावरून रंग पुन्हा उचलता येतो.

रंग उचलण्याचा मुद्दा वाफेसाठी महत्त्वाचा आहे. तुम्ही वाफ पांढऱ्या पोस्टर रंगाने वरून लावली आहे, त्यामुळे ती खडूच्या भुकटीसारखी बसली. पारदर्शक जलरंगात पांढरा म्हणजे कागद. वाफेची जागा आधीपासून राखायची, भोवतीचा गडद रंग ओला असतानाच तिच्याकडे सैल सोडायचा, आणि वाळल्यावर जिथे कडा घट्ट वाटेल तिथे स्वच्छ ओल्या ब्रशने हलके घासून फडक्याने टिपायची. दहा कागद वाया जातील. जाऊ द्या.

व्हिडिओ पाहणे बंद करू का, असा प्रश्न तुमच्या मनात आता आला असेल. बंद करू नका, पण पाहण्याची रीत बदला. व्हिन्सेंट व्हॅन गॉगने चित्रकार व्हायचे ठरवले ते १८८० साली, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी. त्यानंतर त्याने शार्ल बार्ग यांच्या रेखाटनाच्या छापील पाठांची अक्षरशः पुन्हा पुन्हा नक्कल केली. त्याला मधूनमधून काही चित्रकारांचे मार्गदर्शन मिळाले, थोडे दिवस तो वर्गातही बसला, पण मुख्य शिकणे त्याने स्वतःला नेमून दिलेल्या अशा कामातूनच केले. पुढे आयुष्याच्या शेवटच्या वर्षा-दोन वर्षांत तो पुन्हा नकलेकडे वळला. मिले या चित्रकाराच्या शेतकऱ्यांच्या चित्रांच्या कृष्णधवल छापील प्रती समोर ठेवून त्याने त्या तैलरंगात रंगवल्या. आकृती मिलेच्या होत्या, पण रंग ठरवणे त्याच्यावरच होते, कारण समोरच्या कागदावर रंग नव्हतेच. ही युक्ती तुम्हाला मोबाईलवर आजच करता येईल. जो फोटो समोर घ्याल तो आधी कृष्णधवल करा आणि मगच रंगवायला बसा. नक्कल करायची तर एका वेळी एकाच गोष्टीसाठी करावी. आज फक्त छायाप्रकाश, उद्या फक्त रचना. सगळे एकदम उतरवले की हातात चित्र येते आणि शिकणे हाती लागत नाही.

एलिमेंटरीला तुम्ही स्मरणचित्राचा पेपर दिला असेल. मुलांना तो विषय नकोसा असे, बहुतेक जण पाठ केलेला बाजार नाहीतर रंगपंचमी काढून येत. तुम्ही तो विषय पुन्हा सुरू करावा, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. पतसंस्थेतून घरी आल्यावर, चहा होईपर्यंत, दिवसभरात पाहिलेली एक गोष्ट पाच मिनिटांत वहीत काढा. कर्जाच्या अर्जावर अंगठा उमटवताना म्हातारीची चार बोटे कशी वर उचललेली असतात, टपरीवर उभा असलेला माणूस कुठल्या पायावर भार देतो, असे काहीही चालेल. नंतर दुसऱ्या दिवशी तीच गोष्ट पुन्हा पाहून वहीशी ताडून बघा. स्मरण कुठे खोटे बोलले ते लगेच कळेल. सोबत्यांना दाखवायची गरज नाही.

पण चित्रे मात्र कुणाला तरी दाखवायला हवीत. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनाही कोणत्याच कला महाविद्यालयाने घडवले नव्हते. कारागिराच्या घरात जन्म, घरातच हात बसला, आणि चुलतभाऊ आनंदराव यांच्या जोडीने त्यांनी नाटक कंपन्यांचे पडदे रंगवले. पडदा ठरल्या दिवशी उभा राहिलाच पाहिजे आणि शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकालाही त्यातला राजवाडा राजवाडाच दिसला पाहिजे, ही त्यांची शाळा होती. आणि जोडीला बरोबरीचा भाऊ होता. तुम्हीही अशी दोन-तीन माणसे जोडा. तुमच्या गावात निवृत्त चित्रकला शिक्षक नक्की असतील, त्यांना रविवारी सकाळी कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमावर रेखाटनाला याल का म्हणून विचारा. आमच्या पेशातल्या माणसांना निवृत्तीनंतर असे बोलावणे फार क्वचित येते, हे मी स्वतःच्या अनुभवाने सांगते. घरच्यांना चित्र दाखवू नका असे नाही, पण त्यांना 'कसे झाले?' असे विचारू नका. 'यात तुम्हाला सगळ्यात आधी काय दिसले?' असे विचारा आणि उत्तर वहीत लिहून ठेवा.

एक दिवस रजा टाकून औंधला जाऊन या. तुमच्याच जिल्ह्यात आहे. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते, आणि त्यांनी जमवलेला संग्रह १९३८ पासून तिथल्या श्री भवानी संग्रहालयात लोकांसाठी खुला आहे. राजा रविवर्मांची चित्रे तिथे आहेत, आणि जगप्रसिद्ध ब्रिटिश शिल्पकार हेन्री मूर यांचे आई आणि मुलाचे शिल्प तिथे आहे हे तर पुष्कळांना सांगूनही खरे वाटत नाही. छापील किंवा मोबाईलवरचे चित्र आणि मूळ चित्र यांतला फरक एकदा डोळ्यांनी पाहिला पाहिजे. सगळे दालन फिरू नका. दोनच चित्रे निवडा, प्रत्येकापुढे अर्धा तास उभ्या राहा, आणि कडेने, तिरपे, जवळून पाहा. ब्रश कुठे ठेवला, कुठे उचलला, ते दिसू लागते.

अभ्यासक्रमाविषयी स्पष्टच सांगते. शाळेत चित्रकला शिक्षक म्हणून नोकरी करायची असेल तर पदविका लागते, तुम्हाला ती नोकरी करायची नाही. मग केवळ त्या परीक्षकांना उत्तर देण्यासाठी दोन-चार वर्षे आणि घरखर्चातले पैसे घालू नयेत, असे माझे मत आहे. पतसंस्थेतली नोकरी तर मुळीच सोडू नका. महिन्याच्या एक तारखेला पगार हातात पडतो, म्हणून तुम्हाला विकले जाईल असे चित्र काढण्याची सक्ती नाही, आणि ही मोकळीक पूर्णवेळ चित्रकारांपैकी फार थोड्यांना लाभते. 'छंद आहे' या शब्दांनीही दुखावून घेऊ नका. रोज सकाळी तासभर परातीपुढे बसणाऱ्या माणसाला लोक काय म्हणतात याने परातीच्या कडेत फरक पडत नाही.

राहिला अर्ज. रूसोने १८९५ साली स्वतःविषयी एक छोटे टिपण लिहिले होते. निसर्गाखेरीज आपल्याला गुरू नाही असे त्यात त्याने सांगितले, आणि त्याबरोबर जेरोम आणि क्लेमां या दोन प्रतिष्ठित चित्रकारांनी थोडासा सल्ला दिल्याचीही प्रामाणिकपणे नोंद केली. मला ती रीत आवडते. तुम्हीही मोठ्या चित्रकारांची नावे ओळीने लिहू नका, वाचणाऱ्याला ती कुठून आली ते लगेच कळते. असे काहीसे लिहा, आणि माझे शब्द बदलून तुमचे घाला: "माझे बालपण माहेरच्या गुऱ्हाळावर गेले. शाळेत एलिमेंटरीपर्यंत चित्रकला शिकले. गेली अकरा वर्षे जलरंगात काम करत आहे. वॉश देण्याची पद्धत मी व्हिडिओ पाहून शिकले. अलीकडे समोरची वस्तू आणि स्मरण यांवरून चित्रे काढते. सध्या गुऱ्हाळ या एकाच विषयावर काम चालू आहे." एवढे पुरे. यातले शेवटचे वाक्य अर्ज भरण्याच्या दिवशी खरे असले पाहिजे, म्हणून गुऱ्हाळाचा नवा कागद आधी ताणून ठेवा आणि अर्ज नंतर भरा.

येत्या हंगामात गुऱ्हाळ सुरू झाले की वही घेऊन माहेरी जा, आणि काहिलीपाशी लहान मुलीच्या उंचीवर येईल असे काहीतरी बसायला मागून घ्या. तोवर परातीची तिन्ही रेखाटने मला टपालाने पाठवा. फोटो नकोत, मूळ कागद हवेत, खोडलेल्या रेषांसकट. मी त्यांवर पेन्सिलीने खुणा करून परत पाठवीन.